ब्लॉकेज विरघळवणारी सलाईन

पत्राचा सारांश : सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ४३. वडील ६९ वर्षांचे, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. चढावर छातीत जड वाटतं म्हणून अँजिओग्राफी केली, तीन ठिकाणी ब्लॉकेज निघाले आणि डॉक्टरांनी बायपास सुचवली. वडील ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. तळजाईला रोज भेटणाऱ्या त्यांच्या एका मित्राने शहरातलं एक क्लिनिक सुचवलं. तिथे फॉस्फोलिपिडची सलाईन लावतात, ‘३० सिटिंगमध्ये ब्लॉकेज विरघळतात, साइड इफेक्ट शून्य’ असं सांगतात. पॅकेजचे पैसे एकरकमी भरले तर सवलत. बंगळूरचा भाऊ म्हणतो, ‘शुद्ध फसवणूक आहे.’ आई म्हणते, ‘चिरफाड नको, आधी हे करून बघू.’ मैत्रीण रोज रात्री मोबाइलवर वाचत बसते, प्रिंटआउटची जाडजूड फाइल झाली आहे. तिचा प्रश्न : ‘हे खरं आहे का? मी सायन्सची नाही, मी कसं ठरवू? उद्या काही बरंवाईट झालं तर मीच जबाबदार.’

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. जबाबदार तुम्हीच का बरं? बाबा रोज पेपर वाचतात, स्वतःची पेन्शन स्वतः बघतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेबावरून भांडतात, हे तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाच्या छातीचं काय करायचं, हे त्याने ठरवायचं. भावाने फोनवरून निकाल देऊन टाकला, आईने हात जोडले आणि वाचायचं काम जवळ राहणाऱ्या मुलीच्या गळ्यात पडलं. घरोघरी असंच होतं. पण वाचन तुमच्याकडे आलं म्हणून निर्णयही तुमच्याकडे आला, असं नाही. माहिती गोळा करा, बाबांना कळेल अशी त्यांच्यापुढे ठेवा. तेवढंही पुष्कळ झालं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांच्या अँजिओवर मत देणार नाही. पण एखाद्या दाव्याची छाननी करायला डॉक्टर असावं लागत नाही. तुम्ही कॉमर्सच्या आहात, अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढलीत. व्हाउचर मागायची सवय असेलच. ती इथे लावा.

आधी क्लिनिकच्या पत्रकातलं खरं काय ते बघू. फॉस्फोलिपिड हे भोंदूगिरीसाठी बनवलेलं नाव नाही. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण प्रामुख्याने त्याचंच असतं. अंड्याच्या बलकात ते असतं, सोयाबीनमध्ये असतं, चॉकलेटच्या वेष्टनावर ‘लेसिथिन’ लिहिलेलं असतं त्यातही तेच. औषधातही त्याचं मोठं काम आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात जे सरफॅक्टंट सोडतात, त्यातला मुख्य भाग फॉस्फोलिपिडचा. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी ज्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या शोधात पुण्यातले नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते, ते औषधसुद्धा फॉस्फोलिपिडच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून देतात. म्हणून पत्रकात ‘जगभरात वैद्यकीय वापर’ असं छापलंय ते खोटं नाही. गोम अशी की बाळाच्या फुप्फुसात ते एक काम करतं, ॲम्फोटेरिसिनला ते नुसतं वाहून नेतं, आणि यातलं काहीही हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा काढत नाही. खऱ्या गोष्टीच्या शेजारी दावा नेऊन बसवला की दावाही खरा वाटायला लागतो. भाऊ ‘फसवणूक’ म्हणतो तेव्हा तुम्हाला पटत नाही, ते यामुळेच. तुम्ही वाचलेलं बरंचसं खरं आहे.

आता तो दावा. तुम्ही पत्रकाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात म्हटलंय की तुपकट भांडं साबणाने निघावं तशी धमनीतली चरबी या सलाईनने निघते. चित्र झकास आहे, पण धमनीत तसं काही नसतं. ब्लॉकेज म्हणजे नळीला आतून बसलेला तुपाचा थर नव्हे. ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत तयार होतं. त्यात कोलेस्टेरॉल असतं, सुजेच्या पेशी असतात, जखम भरल्यावर येतो तसा चिवट तंतुमय भाग असतो आणि वयाबरोबर कॅल्शियमही साठतं. वरून रक्त वाहून जातं, भिंतीच्या पोटातला हा ऐवज जागचा हलत नाही. रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा जोरदार डोस दोन वर्षं घेतलेल्या रुग्णांचं मोजमाप २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा धमनीच्या भिंतीतला या साठ्याचा वाटा सरासरी एका टक्क्याच्या आसपास घटलेला दिसला होता. डॉक्टरांना तेवढ्याचंही अप्रूप वाटलं. ३० सिटिंगमध्ये ब्लॉकेज ‘८० टक्क्यांवरून ३० टक्के’ हा पत्रकातला आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा.

त्याच पानावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन अँजिओचे फोटो आहेत. ते मी मोठे करून पाहिले. पहिल्यात कॅथेटर, म्हणजे तपासणीची नळी, डाव्या कोपऱ्यातून आत येतो, दुसऱ्यात वरून, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन बदललेला आहे. कोन बदलला की तीच चिंचोळी जागा रुंद दिसू शकते. फोटोवर तारीख नाही, रुग्णाचं वय नाही. तुमच्या ऑफिसात असं व्हाउचर पास झालं असतं का?

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच. फॉस्फोलिपिड असलेल्या सलाईनने धमन्या साफ करायची कल्पना मोठ्या शास्त्रज्ञांनाही सुचली होती, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं मन लावून तपासली. इटलीत गार्डा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल कमी असूनही हृदयविकार फारसा आढळत नव्हता. त्यांच्या रक्तात एका प्रथिनाचं वेगळं रूप सापडलं. ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवून, फॉस्फोलिपिडशी जोडून, आठवड्याला एक अशा पाच सलाईन दिल्या. २००३ मध्ये ४७ रुग्णांचे निष्कर्ष आले, धमनीतला साठा एक टक्क्याच्या जवळपास कमी झाला होता. सगळीकडे चर्चा झाली. आपल्या पत्रकवाल्यांनी तिथेच दुकान उघडलं असतं. पण संशोधक पुढे गेले. त्याच घराण्यातलं एक औषध, माणसाच्या रक्तातून काढलेलं प्रथिन आणि सोबत फॉस्फॅटिडिलकोलीन (फॉस्फोलिपिडचाच एक प्रकार), नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १८ हजारांहून जास्त लोकांवर तपासलं गेलं. कुणाला औषध, कुणाला ते औषध नसलेली सलाईन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. निकाल २०२४ मध्ये आला : ९० दिवसांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात औषधवाल्यांत ४.८ टक्के, दुसऱ्या गटात ५.२ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ. म्हणजे उपयोग सिद्ध झाला नाही.

बाबांच्या क्लिनिकातल्या बाटलीत ते प्रथिनही नाही. प्रथिनासकट, इतक्या बारकाईने तपासलेली गोष्ट चालली नाही, तर प्रथिनाशिवायची, न तपासलेली गोष्ट चालेल असं मानायला काहीतरी जबरदस्त पुरावा हवा. तो दाखवायची जबाबदारी क्लिनिकची आहे. रात्री दीडला मोबाइलवर शोधायची तुमची नाही.

फाइलमधले कागद मात्र फेकू नका, एकदा वेगळ्या नजरेने चाळा. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा : प्रयोग कुणावर झाला? किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि शेवटी मोजलं काय? तुम्ही पाठवलेल्या यादीतले बरेच लेख यकृताबद्दल आहेत, काही सशांवरचे आहेत, काहींत औषध शिरेतून नव्हे तर तोंडाने दिलंय. पोटात गेलेलं फॉस्फोलिपिड आतड्यात पचतं, तुटतं, ते सरळ हृदयाकडे धावत नाही. प्राण्यांवरचं यश माणसात उतरेलच असंही नसतं. सोयाबीनमधून काढलेलं हेच फॉस्फॅटिडिलकोलीन दारू पाजलेल्या बबून माकडांच्या यकृताला वाचवताना दिसलं होतं. मग अमेरिकेत ७८९ माजी सैनिकांवर दोन वर्षं तपासणी झाली, २००३ मध्ये निकाल आला, आणि यकृतातल्या व्रणांत फरक दिसला नाही. ‘कोलेस्टेरॉल उतरलं’ आणि ‘अटॅक टळला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हेही लक्षात असू द्या. शोधताना क्लिनिकने दिलेलं झगमगीत नाव टाकू नका, बाटलीतल्या द्रव्याचं नाव टाका, सोबत ‘ट्रायल’ आणि ‘ॲडव्हर्स इफेक्ट’ हे शब्द टाका. ‘पबमेड’ या वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर सारांश फुकट वाचता येतात. दोन संध्याकाळी पुरतात. त्यानंतर रात्रीचं वाचन बंद. मोबाइल तुम्हाला तेच तेच दाखवत राहतो, कारण तुम्ही तेच तेच उघडताय.

‘साइड इफेक्ट शून्य, कारण सोयाबीनचं आहे.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सोयाबीनची ॲलर्जी असलेले लोक असतात. शिवाय फॉस्फोलिपिड पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून अशा इंजेक्शनांत अनेकदा डीऑक्सिकोलेट नावाचा पित्तातला घटक घालतात. पोटाची चरबी ‘विरघळवणारी’ इंजेक्शनं अशाच मिश्रणाची होती, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या जाहिरातींवरून काही स्पांना इशारापत्रं पाठवली होती. पुढे लक्षात आलं की पेशी फोडायचं काम मुख्यतः डीऑक्सिकोलेट करतंय, आणि ते चरबीची पेशी कोणती, दुसरी कोणती हे बघत नाही. रक्तात जास्त प्रमाणात गेलं तर तांबड्या पेशीही फुटतात. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर सलाईनचं पाणीसुद्धा जड पडू शकतं.

अशा ठिकाणी ‘कीलेशन’ नावाचीही सलाईन जोडून देतात, ते विचारून घ्या. त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. त्याच्यावर २०१३ च्या मोठ्या तपासणीत, विशेषतः मधुमेहींमध्ये, थोडा फायदा दिसला होता. म्हणून मधुमेहींवरच पुन्हा तपासलं, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. ईडीटीएचा चुकीचा क्षार दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून अमेरिकेत मृत्यूही झालेत.

बाबांच्या मित्राचं काय? त्यांना बरं वाटतंय यावर माझा विश्वास आहे. ते खोटं बोलत नसणार. फक्त त्यांना एवढं विचारा की डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का, सिगारेट सुटली का, वजन उतरलं का, नंतर अँजिओ पुन्हा केली का आणि ती कुठे. माझा अंदाज आहे की गोळ्या चालू आहेत.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त अडले ती. तुम्ही, आई, भाऊ, तिघंही एकच धरून चाललाय की रस्ते दोन आहेत, बायपास किंवा सलाईन. तिसरा रस्ता कुणी विचारलाच नाही. २०२० मध्ये ‘इस्केमिया’ नावाच्या तपासणीचा निकाल आला. ५,१७९ रुग्ण, ३७ देश, त्यात आपलाही. ब्लॉकेज आहेत पण तब्येत स्थिर आहे, अशा लोकांत एका गटाला आधीच अँजिओप्लास्टी किंवा बायपासकडे नेलं, दुसऱ्याला आधी फक्त चांगली औषधं आणि पथ्य. तीन-साडेतीन वर्षांत मृत्यू आणि अटॅकच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. थोडक्यात, औषधांवर राहणं हा काही रुग्णांसाठी रीतसर, तपासलेला पर्याय आहे. बाबांना कापाकापी नको असेल तर आधी त्याची चौकशी करायची, सलाईनची नव्हे.

पण इथे लगेच हुश्श करू नका. त्या तपासणीत मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले लोक घेतलेच नव्हते. अशांना, आणि बऱ्याच ब्लॉकेजसोबत मधुमेह असलेल्यांना, बायपासने आयुष्य वाढतं याचे चांगले पुरावे आहेत. बाबा कोणत्या गटात बसतात हे पत्रावरून कळत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही ते कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा कार्डिओलॉजिस्टना विचारा : लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे त्या मुख्य डाव्या धमनीत, काही आहे का? पंपिंग किती टक्के? शुगर धरून तुमचा सल्ला काय? बायपास केली नाही आणि गोळ्या नीट घेतल्या तर पुढच्या पाच वर्षांत धोका किती, आणि केली तर किती? थांबायला वाव आहे का, असला तर किती? ही चार-पाच वाक्यं कागदावर लिहून न्या. ओपीडीच्या गर्दीत सुचत नाही. आणि सेकंड ओपिनियन घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नसतो. बाबांकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॅनेलवरच्या दुसऱ्या रुग्णालयात दाखवता येईल. ज्या वाचकांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी ससून आहेच.

क्लिनिकमध्ये जायचंच ठरलं तर पैसे भरायला नाही, बाटली बघायला जा. लेबलचा फोटो मागा. त्यावर औषधाचा उत्पादन परवाना किंवा आयात परवाना आहे का? तिथे एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल तर तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. खायची वस्तू शिरेतून कुणालाही चढवायची नसते, तिथूनच परत फिरा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. ‘आमचं संशोधन चालू आहे’ असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीचा क्रमांक मागा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या कायद्यातच, तो जादुई उपायांच्या जाहिरातींबद्दलचा, निषिद्ध रोगांच्या यादीत येतं. त्यामुळे पत्रक जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना लागेल. खासगी मेडिक्लेम असलेल्यांनी पॉलिसीच्या वगळलेल्या बाबी काढून बघाव्यात. तिथे ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’ ही ओळ सापडेल.

राहिले बाबा. त्यांना तुम्ही प्रिंटआउट दाखवताय, आणि ते मित्राचं नाव पुढे करतायत. कागदाने माणूस हलत नाही असा माझा अनुभव आहे. त्यांना नक्की कशाची भीती वाटते, हे एकदा विचाराल का? आईला स्वयंपाकघरात राहू द्या, भावाला फोनवर घेऊ नका, तुम्ही दोघंच. फॅक्टरीतला कुणी सहकारी ऑपरेशनच्या टेबलावरच गेला का? भूल? महिनोन्‌महिने दुसऱ्यावर अवलंबून राहणं? ‘पैसे तुमच्यासाठी राहू देत’ हेही कारण असतं, आणि ते कुणी कबूल करत नाही. भीती कळली की तीच डॉक्टरांपुढे मांडता येते. मग डॉक्टरांनी तुमच्याशी नाही, बाबांशी बोलायला हवं. तुम्ही खुर्ची थोडी मागे ओढून बसा.

आणि सगळं ऐकूनही ते म्हणाले, ‘मला सलाईनच हवी’? तर घरात महाभारत नको, पण अटी हव्यात. ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपीची गोळी, एकही बंद होणार नाही. या प्रकारात खरा जीव जातो तो गोळ्या थांबवल्याने आणि वेळ गेल्याने. कार्डिओलॉजिस्टना सांगितल्याशिवाय पहिली सुई नाही. ईडीटीए नाही. पॅकेज नाही, एका वेळचे पैसे एका वेळी. चालताना येणारं दुखणं बसल्या जागी यायला लागलं, किंवा घाम फुटून छाती दाबल्यासारखी वाटली, तर क्लिनिकला फोन करायचा नाही, १०८ ला करायचा. हे आईला पाठ करून ठेवा, दुपारी घरात त्याच असतात.

सेकंड ओपिनियनला जाताना अँजिओच्या रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका. रुग्णालयाकडून सीडी मागून घ्या, ती देतात. दुसऱ्या डॉक्टरांना फिल्म स्वतः बघायची असते. सोबत इको, शुगरचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स घ्या, आणि सलाईनच्या पत्रकाची एक झेरॉक्सही. बाबांनी ते पत्रक स्वतःच्या हाताने डॉक्टरांपुढे ठेवून विचारलेलं जास्त बरं.